हळदुल्यांनी तोंडं फिरवली

माझा नातू परवा मालवणात डोळ्यांवर काचा लावून, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालून आला आणि मला मोबाईलवर मासे दाखवायला बसला. पिवळेधमक, अंगावर निळ्या रेघा, पोट पांढरं, खडकाच्या माथ्यावर थव्याने उभे. "आजी, किती क्यूट ना?" म्हणाला. मी म्हटलं, त्यांना क्यूट म्हणू नकोस बाबा, ते आमचे हळदुले. आमच्या वाडीत त्यांना हळदुले म्हणत. पुढच्या वाडीत निराळं नाव असेल आणि पुस्तकात आणखी तिसरंच. त्याला वाटलं, म्हातारीचं काहीतरी चाललंय. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि भेळ खायला गेला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांनी ते मासे समोर आले, तरी मी आधी त्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत तेच बघितलं.

आमच्या किनाऱ्यापासून होडीने किल्ल्याला वळसा घालून बाहेरच्या अंगाला गेलं की पाण्याखाली एक खडक आहे. आम्ही त्याला हळदुल्यांचं खडप म्हणायचो. मोठ्या ओहोटीलाही तो उघडा पडत नाही, नुसता पाण्याचा रंग तिथे काळसर दिसतो. वरून बघणाऱ्याला काहीच कळायचं नाही. पण बाबांनी घासलेटच्या डब्याचा तळ कापून तिथे काच बसवली होती आणि भोवती डांबर लावलं होतं. तो डबा पाण्यावर टेकवून आत डोकं घातलं की खालचं सगळं घरातल्यासारखं दिसायचं. खडकावर कोबीच्या गड्ड्यांसारखे गोल गोल गड्डे, त्यांच्या फटीत काट्यांची काळी साळींदरं, एका कपारीत कायम तोंड वासून बसलेला गोबरा मासा, आणि खडकाच्या बरोबर माथ्यावर हळदुले. हललेत असं वाटायचं नाही. शेपटी तेवढी बारीक चालायची. दिवसभर ते तिथेच एकमेकांना चिकटून असत, आणि ऊन कलल्यावर पांगून वाळूकडे चरायला जात. सकाळी पुन्हा त्याच जागी हजर. आमच्या शाळेतली मुलंही इतकी नेमाने येत नसत.

मी लहान होते तोवर बाबा मला होडीत नेत. लहान मुलीला कोणी मुलगी मानत नाही, ती चालते. डबा माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, तोंडं खंय आसत? मी सांगायची, किल्ल्याकडे. मग ते म्हणायचे, म्हणजे पाणी किल्ल्याकडून बाहेर जातंय, सुकती आहे, ओहोटी. हळदुला कधी पाण्याला पाठ दाखवत नाही. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला तोंड करून उभा राहतो, म्हणजे वाहत येणारं खाणं आयतं तोंडात पडतं. भरती लागली की सगळे दर्याकडे तोंड करतात. वरचं पाणी वाऱ्याने कुठेही हलतं, त्याचा भरवसा नाही. खालचं पाणी कुठे चाललंय ते हळदुल्याला विचारावं, असं बाबांचं म्हणणं. पुढे मी मोठी झाले, परकर जाऊन पातळ आलं आणि होडी बंद झाली. का, असं मी विचारलंही नाही. आमच्याकडे बाईमाणसाचा पाय होडीला लागत नसे, एवढंच कारण पुरे होतं.

त्या खडपाजवळ जाळं टाकायचं नाही, असा वाडीत दंडक होता. गरीने मासे काढावेत, पण जाळं नाही. खडप राखणदाराचं, जागा राखणाऱ्या देवाचं, तो जाळं धरून ठेवतो, असं म्हणत. आता मला वाटतं, ज्याने कोणी हे पहिल्यांदा सांगितलं त्याची चांगली दोन जाळी तिथे अडकून फाटली असणार. काहीही असो, लोक तो दंडक पाळत, आणि बाबांनी तर जन्मभर पाळला होता.

आमचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे शेणाने सारवलेला मांगर, म्हणजे सामानाची खोप, आणि त्यात सदा ओलं काहीतरी टांगलेलं. सकाळी आये पेजेचं मडकं चुलीवर ठेवायची आणि उकड्या तांदळाचा वास आणि जाळ्याला लावलेल्या ऐनाच्या सालीच्या काढ्याचा वास एकमेकांत मिसळून जायचा. आजही कुठे तुरट वास आला की मला भूक लागते. बाबा मांगरात बसून जाळं विणत. लाकडी सुईचा आवाज सारखा चालू असे, टक्, सर्र, टक्. आये डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायची, आणि परत येताना तिचा आवाज तिच्याआधी घरात पोचायचा. दादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आडदांड, पाण्यात मासा आणि जमिनीवर रेडा. त्याचं तेव्हा लग्न ठरत होतं आणि तो आरशासमोर जरा जास्तच उभा राहत असे.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि घरात कोणी बोलत नव्हतं. बाबा माणसं आवाजावरून ओळखायचे आणि ओळखली नाहीत तर खोकायचे. विणकाम बोटांनी चालायचं, त्याला डोळे लागत नव्हते. पण पंचांग गेलं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं पंचांग ते पूर्वी रोज बघत, कारण तिथीशिवाय दर्या कळत नाही. तिथी कळली की भरती कधी आणि सुकती कधी ते कळतं, आणि रोज ती दोन घटका पुढे सरकते. आता ते पंचांग नुसतंच अडकलेलं होतं. आयेला वाचता येत नव्हतं, दादाला कंटाळा, आणि मला येत होतं तर मला कोणी विचारत नव्हतं. बाबांनी आपली वेगळी सोय करून घेतली होती. आये एकादशी धरायची. देवळाशेजारच्या भटीणकाकूंकडून ती दिवस पक्का करून घेई, त्यात कधी चूक नसे. त्या दिवशी घरात रताळी उकडायची, तिची पेज मडक्यात तशीच राहायची. बाबांना वास आला की ते समजत, आज एकादस. तिथून पुढे बोटांवर मोजायचं ते पुढच्या एकादशीपर्यंत. ते तिला चिडवायचे, "तू उपाशी ऱ्हवलंस काय माजा पंचांग वाचून झाला."

त्या वर्षी थंडीत नवीन जाळं झालं. पावसाळाभर बाबांनी ते विणलं होतं, आणि दादाच्या लग्नानंतर त्याने वेगळं जाळं लावायचं, ते हे. पहिल्याच दिवशी बाबा हट्टाने सुकाणूवर बसले. होडीत आणखी दोघे शेजारचे होते. बाबांना किल्ल्याचा बुरूज दिसत नव्हता आणि तसं कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. जाळं पडलं ते खडपाला इतकं लागून, की ओढायला घेतल्यावर आलंच नाही. ओढून ओढून माणसं थकली, आणि शेवटी दोर सोडून परत आली. ते दोघे शेजारी किनाऱ्याला उतरले ते हात जोडूनच. राखणदाराला गाऱ्हाणं घालून माफी मागितल्याशिवाय आम्ही त्या बाजूला येणार नाही म्हणाले. आणि गाऱ्हाणं घालायचं ते जत्रेत, जत्रा लांब. तोवर जाळं खडकावर कुजणार.

बाबांनी दोन दिवस विणायची सुई हातात घेतली नाही. मग त्यांनी दादाला सांगितलं, आपण दोघंच जाऊ, भांगाचे दिवस आहेत, पाण्याला जोर कमी आहे, तू बुडी मारून जाळं सोडव. कसं सोडवायचं तेही त्यांनी जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. सुकती चालू असली की जाळं खडकाच्या बाहेरच्या अंगाला ताणून लोंबत असणार, दर्याच्या बाजूला. दादाने आतल्या अंगाने, किल्ल्याच्या बाजूने खडकाला धरून उतरायचं आणि एकेक फास सोडवायचा. सुकती संपेपर्यंत आणि पाणी थांबलेलं असेपर्यंत भीती नाही. पण भरती लागली की तेच जाळं उलटून खडकावरून आत येणार, दादाच्या अंगावर. त्याच्या आत तो वर आला पाहिजे. आये चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, खाली पाणी फिरलं ते वर तुम्हाला कसं कळणार? कारण तिला ठाऊक होतं, डब्यात डोकं घातलं तरी बाबांना पिवळा धूर दिसेल, मासा दिसणार नाही.

बाबा म्हणाले, बायेला नेऊ. बाये म्हणजे मी. आयेच्या हातातला विळाच खाली पडला. वयात आलेली मुलगी होडीत, तीही त्या खडपावर, हे लोकांच्या कानावर गेलं तर काय, असं ती म्हणत राहिली. बाबांनी सगळं बोलू दिलं आणि मग हळूच म्हणाले, "चेडवाक नेतंय म्हणान कोणी सांगल्यान तुका? माजे डोळे नेतंय मी."

मला आनंद झाला होता. खरं ते लिहायचं तर पोटात भीती होती आणि तिच्यावर आनंद तरंगत होता. इतक्या वर्षांनी मला हळदुले दिसणार होते. आयेचा चेहरा बघायला मला फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी घरात रताळी उकडली. मी दोन खाल्ली. बाबांनी मांगरातून वास घेतला आणि बोटं मोजली. "आज एकादस झाली," दादाला म्हणाले, "म्हणजे उद्या बारस. सुकती दुपार कलल्यार संपतली. आपण सूर्य माथ्यार असताना थंय पोचूया, वेळच वेळ गावतलो." आये चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही.

निघायच्या सकाळी तिने आम्हाला पेज वाढली, वर भाजलेला सुका बांगडा. स्वतःच्या वाटीतली पेज तिने परत मडक्यात ओतली आणि कोपऱ्यात बसून फुंकर घालत एक रताळं सोलू लागली. मला वाटलं, कालचं उरलेलं. घास उतरत नसेल म्हणून जातंय ते खातेय. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं, की दादाची जुनी विजार मला कमरेला बसेल की नाही. पातळ नेसून होडीत बसायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं.

उजाडल्यावर बऱ्याच वेळाने, वाडीतल्या होड्या बाहेर पडून गेल्यावर आम्ही निघालो. मी तळाशी जाळ्याच्या चिंध्यांखाली झोपून होते. किल्ला मागे टाकल्यावर बाबांनी मला उठायला सांगितलं. वारा नव्हता. पाणी तेलासारखं होतं. दादाने काळसर पाणी बघून दगडाचा नांगर टाकला, कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक बाबांच्या हातात. मी डबा टेकवला आणि आत डोकं घातलं. खडप होतं तसंच होतं. गोबरा मात्र दिसला नाही. बाहेरच्या अंगाला आमचं जाळं तपकिरी चादरीसारखं लोंबत होतं, आणि माथ्यावर हळदुले उभे होते, सगळ्यांची तोंडं किल्ल्याकडे. मी सांगितलं. बाबांनी मान डोलावली. होडीला पाण्याची ओढ इतकी मंद लागते याचं त्यांना जरा नवल वाटलं, पण भांगाचं पाणी, असायचंच मंद, असं ते स्वतःशीच बोलले.

दादा उतरला. त्याने हातात दगड धरला होता, त्याच्या वजनाने सरळ खाली गेला. हळदुले बाजूला झाले, तो त्यांच्यातून गेला, आणि ते पुन्हा एकत्र आले. मला त्याचे पाय दिसत होते, खडकाला टेकलेले, आणि हात फासांत गुंतलेले. तो वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. असं बऱ्याचदा झालं. प्रत्येक वेळी तो वर यायचा तेव्हा सांगायचा, इतकं सुटलं, इतकं राहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते पण तो हसत होता. मीही हसत होते. बाबा दोर असा धरून बसले होते की जणू दोरालाच डोळे आहेत.

मग हळदुले विस्कटले. एकमेकांना चिकटून होते ते जरा सैल झाले, कोणाचं तोंड इकडे, कोणाचं तिकडे, जत्रेत पाळणा थांबल्यावर माणसं उभी राहतात तसे. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, दादाच्या हातापायांमुळे बिचकले असतील. दादा तेव्हा वर होता. थोडंच राहिलंय म्हणाला, एक मोठी गाठ आहे, ती सुटली की जाळं आपोआप वर येईल. बाबा म्हणाले, जा, वेळ आहे. दादाने मोठा श्वास घेतला आणि गेला.

तो खाली पोचतो न पोचतो तोच माझ्या डोळ्यांसमोर सगळे हळदुले वळले. एकदम नाही, आधी कडेचे, मग मधले, आणि मग सगळा थवाच. तोंडं दर्याकडे. मी म्हटलं, "बाबा, तोंडां फिरली."

"खंय?"

"दर्याकडे."

"फिरतीत कशी? आज बारस. सुकती अजून आसा." बाबांच्या आवाजात राग नव्हता. ते मला समजावत होते, लहानपणी समजावत तसे. मी पुन्हा डब्यात बघितलं. चूक नव्हती. एकही मासा किल्ल्याकडे बघत नव्हता. आणि जाळ्याची चादर, जी बाहेर लोंबत होती, तिची कड वर उचलली जात होती. बाबा तिथीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवणार, आणि का ठेवू नये, त्यांनी जन्म काढला होता तिथीवर. मग मला सकाळची आये दिसली. कोपऱ्यात बसून रताळं सोलताना, आणि वाटीतली पेज मडक्यात ओतताना. कालचं उरलेलं रताळं कोणी असं वाफ निघताना सोलत नाही. आणि बारशीला उपास सोडायचा असतो, धरायचा नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आये आज उपाशी आसा."

"काल होती."

"कालय होती. आजय आसा. आज एकादस."

बाबांचा चेहरा मी त्यानंतर पुष्कळ वर्षं पाहिला, आनंदात पाहिला, शेवटच्या आजारात पाहिला. त्या क्षणी होता तसा कधी पाहिला नाही. त्यांनी दोर ओढला. दोर ताठ झाला आणि आला नाही. पुन्हा ओढला. मी डब्यात डोकं घातलं तर खाली दादा नव्हताच. जिथे दादा होता तिथे जाळं होतं, खडकावरून आत पालथं पडलेलं, आणि त्याच्या आत काहीतरी धडपडत होतं. मी ओरडून सांगितलं. बाबांनी ओढणं थांबवलं. अडकलेल्या माणसाला ओढलं की फास आवळतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. "धर. ओढू नुको. नुसतो धर." मासे कापायची कोयती दातात धरली, तळातला दगड उचलला आणि होडीवरून पाण्यात गेले.

वर्षानुवर्षं बुडी न मारलेला माणूस, पिकलेले केस, डोळे गेलेले. पण त्या खडपाची प्रत्येक कपार त्यांनी तरुणपणी हातांनी चाचपलेली होती, आणि पाण्याखाली डोळसालाही धूसरच दिसतं. मी एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने डबा. बाबा हळदुल्यांमधून गेले. थवा उघडला आणि मिटला. मग जाळ्याच्या तपकिरी ढिगात दोन माणसं होती आणि कोण कुठलं ते मला कळत नव्हतं. बाजूला हळदुले शांत उभे होते, तोंडं दर्याकडे, शेपट्या हलवत, जे काही वाहत येईल ते खात. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की डबा फेकून द्यावा असं वाटलं. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी नुसती म्हणत होते, दोर धरायचा, ओढायचा नाही, दोर धरायचा. आजूबाजूला एकही होडी नव्हती. दोन माणसं वर आली नाहीत तर मला होडी वल्हवता येत नाही, हाही विचार येऊन गेला, आणि त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता.

मग दोर सैल झाला. अगदी सैल, माझ्या हातात नुसता लोंबला. मला वाटलं, संपलं. त्यानंतर जाळ्याचे लाकडी बोये एकेक करून वर आले, तुटलेली जाळी लटकत असलेले. आणि त्यांच्यामध्ये बाबांचं डोकं, आणि बाबांच्या हातात केसांना धरलेलं दादाचं डोकं.

दोघांना वर कसं घेतलं मला आठवत नाही. दादा होडीच्या तळात पडला होता, तोंडातून पाणी येत होतं, एका कानातून रक्त. जाळ्याचे तुकडे त्याच्या गळ्याभोवती तसेच होते. बाबा त्याच्यावर ओणवे झाले, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपू लागले, नाक, ओठ, पापण्या. पाण्याने बधिर झालेल्या बोटांना काही समजत नसावं. त्यांनी मान वर केली, माझ्या दिशेला, जरा चुकून माझ्या खांद्याच्या पलीकडे. "बाये," म्हणाले, "सांग गो माका. डोळे उघडल्यान?"

अजून उघडले नव्हते. मी तसं सांगितलं नाही. मी म्हटलं, थांबा. आणि बाबा थांबले. त्या होडीत मी त्यांचे डोळे म्हणून गेले होते, तर ते काम मी तेव्हा खरं केलं असं मला वाटतं. दादाने खोकून पाणी टाकलं, पुन्हा खोकला, आणि डोळे उघडून शिवी दिली. मी सांगितलं, उघडल्यान. बाबा तळातल्या पाण्यातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. नवं जाळं खाली कुठे वाहत गेलं, त्याची कोणी चौकशी केली नाही.

परत येताना वल्ही बाबांनी घेतली, दिशा मी सांगितली. किल्ल्याच्या आत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की आयेला एकादशीचं बोलायचं नाही. दोघांनीही नाही. जाळं राखणदाराने ठेवून घेतलं म्हणून सांगायचं. दादा मान हलवत होता, पण त्याला डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं, आणि पुढेही कधी आलं नाही. मुंबईत गिरणीत जन्म काढला त्याने; घरी बायको-मुलं ओरडून थकली की तो म्हणायचा, उजवीकडून बोला, डावीकडे दर्या आहे.

आये किनाऱ्यावर उभी होती. दादाला चालत येताना पाहिल्यावर तिने पुढे होऊन त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. घरी गेल्यावर कानातलं रक्त तिने कोमट पाण्याने धुतलं आणि मग, सगळं पोटात मावेनासं झाल्यासारखं, बोलू लागली. आम्ही जाणार हे ठरलं त्याच दिवशी तिने माडाखाली उभं राहून राखणदाराला एकटीनेच गाऱ्हाणं घातलं होतं. माझा मुलगा सुखरूप आण, मी आदल्या दिवशी तोंडात पाणीसुद्धा घालणार नाही, आणि तो आला तर दर दशमीला उपाशी राहीन. म्हणून काल ती उपाशी होती. रताळी तिने आमच्यासाठी उकडली होती, स्वतः खाल्ली नाहीत. बोललेलं गाऱ्हाणं कोणाला सांगायचं नसतं, म्हणून बाबा एकादस म्हणाले तरी बोलली नाही; एका दिवसाने काय फरक पडतो, हे तिच्या मनातच आलं नाही. आणि आज एकादशी म्हणून आजही उपास. ती रडत होती आणि हसत होती. "माजो उपास पावलो गो," असं मला म्हणाली. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, दाढीतून अजून खारट पाणी गळत होतं. मग ते म्हणाले, "होय. तुज्या उपासानच इलो तो."

आयेने तो उपास शेवटपर्यंत धरला. दशमी आणि लागून एकादशी, महिन्यातून दोनदा दोन दोन दिवस. तिचे हात वाळले, बाजारात पाटी उचलताना चक्कर यायची, तरी मोडला नाही. खरं सांगून टाकावं असं मला कितीदा वाटलं. पण काय सांगायचं होतं? ज्या उपासाने पोरगा वाचला असं तिला वाटतं, त्याच उपासाने तो बुडणार होता, असं? ते ऐकून ती जेवली असती का?

पहिली दशमी आली तेव्हा घरात बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. हे बाबांचं आवडतं; कालवणाच्या वासावर ते कधी न बोलावता पानावर येऊन बसत. त्या दिवशी पान सरकवून ठेवलं आणि म्हणाले, माकाय नको. आये थट्टा करायला लागली, म्हाताऱ्याला देव आठवला म्हणून. बाबांनी ऐकून घेतलं. पुढच्या दशमीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. वाडीत म्हणू लागले, जाळं गेल्यापासून माणूस देवभोळा झाला. तोवर मी पंचांग वाचून दाखवायला लागले होते, रोज सकाळी, तिथी आणि नक्षत्र. आता मोजायला त्यांना कोणाच्या उपासाची गरज नव्हती. म्हणून एकदा, आये बाजारात गेलेली असताना, मांगरात त्यांच्या शेजारी बसून मी विचारलं, बाबा, तुम्ही कशाला उपाशी राहता? त्यांची विणायची सुई थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्सां तिच्या उपासार मी दर्यो मोजलंय. ती उपाशी कशाक ऱ्हवता, ता एकदाय इचारूक नाय."